‘गणित सोडू का?’ : अकरावीच्या फॉर्ममागचा इतिहास

नेहमीप्रमाणे या भागाचा मजकूर इथे देतेय. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये आवाज नीट येत नाही असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं, त्यांनी निवांत वाचावा.

सुरुवात घरातूनच करते. जून महिना. धायरी फाट्याजवळ माझी मावशी राहते. तिची मुलगी दहावी पास झाली होती आणि मोबाइलवर अकरावीचा फॉर्म भरत होती. भाग एक भरून झाला होता. भाग दोनमध्ये कॉलेजांचे पसंतीक्रम टाकायचे होते. सायन्स घ्यायचं हे नक्की होतं. मला म्हणाली, “ताई, गणित सोडू का? बायो ठेवते, भूगोल घेते. टक्के वाढतील.”

मी म्हटलं, “सोड की. पण बारावीनंतर काय करायचंय?”

ती म्हणाली, “कॉम्प्युटर.”

आता मला सांगा, यात चूक कुणाची? तिला शाळेत दहा वर्षांत त्रिकोणाचे सगळे प्रमेय शिकवले. पण अमुक विषय सोडला तर विद्यापीठात तमुक दार बंद होतं, हे कुणी सांगितलं नाही. आणि ती एकटी नाही. तुमच्यापैकी किती जणांना हे बारावीनंतर कळलं, ते कमेंट न करताही मला माहीत आहे.

म्हणून आजचा भाग याच प्रश्नावर. विद्यापीठात शिरायचं तर शाळेत कुठले विषय हवेत, हे ठरवतं कोण? कधीपासून? आणि त्या नियमांनी आपल्याकडच्या माणसांचं काय केलं?

मॅट्रिक म्हणजे दहावी नव्हे

मुंबई विद्यापीठ १८५७ साली सुरू झालं. तेव्हा दहावीचं बोर्ड वगैरे काही नव्हतं. मग विद्यापीठात घ्यायचं कुणाला? त्यासाठी विद्यापीठानं स्वतःच एक परीक्षा ठेवली. तिचं नाव मॅट्रिक्युलेशन. या शब्दाचा अर्थच मुळी ‘पटावर नाव चढवणं’ असा आहे. म्हणजे आपले आजोबा-पणजोबा ज्याला ‘मॅट्रिक’ म्हणायचे, ती शाळा संपल्याची परीक्षा नव्हती, ती विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. आजच्या भाषेत सांगायचं तर सीईटी.

पहिली मॅट्रिक झाली १८५९ मध्ये. पास झालेल्या मोजक्या मुलांत एक होते महादेव गोविंद रानडे. पुढे १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले, त्यांत रानडे होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. ही दोन्ही नावं लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहेत.

परीक्षेला इंग्रजी, दुसरी एक भाषा, गणित आणि इतिहास-भूगोलासारखे सामान्य विषय असत. उत्तरं इंग्रजीत. आता गंमत बघा. विद्यापीठात जाणारी मुलं मूठभर, पण हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या सगळ्यांना तेच शिकावं लागायचं जे विद्यापीठाला हवं. कारण सरकारी नोकरीसाठीही हळूहळू हाच दाखला विचारला जाऊ लागला. ‘मॅट्रिक पास’, ‘मॅट्रिक फेल’, ‘नॉन-मॅट्रिक’ हे शब्द माणसाची ओळख बनले. दार एकच, आणि त्याची उंची ठरवणारे वर बसलेले.

दुसरी भाषा कुठली?

सुरुवातीला ती ‘दुसरी भाषा’ मराठी किंवा गुजरातीही असू शकायची. पण १८६० च्या दशकात विद्यापीठानं धोरण बदललं. कॉलेजच्या परीक्षांतून देशी भाषा बाहेर काढल्या आणि तिथे संस्कृत, लॅटिन, पर्शियन अशा अभिजात भाषा बसवल्या. कागदावर एका ओळीचा बदल. परिणाम मात्र गावोगावच्या हायस्कुलांत दिसला. पुढे कॉलेजला जायचं तर संस्कृतची तयारी शाळेतच हवी, म्हणून शाळांत संस्कृतचे तास वाढले. भांडारकरांनी हायस्कूलच्या मुलांसाठी ‘मार्गोपदेशिका’ हे संस्कृतचं पुस्तक लिहिलं, ते पिढ्यान्‌पिढ्या चाललं. वरच्या दाराची अट बदलली की खालच्या वर्गातलं दप्तर बदलतं, याचं हे साधं उदाहरण.

रानड्यांना हा बदल खुपत होता. मराठीला विद्यापीठात पुन्हा जागा मिळावी म्हणून ते अनेक वर्षं झगडले. जानेवारी १९०१ मध्ये ते गेले. त्याच सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीचा शिरकाव झाला. म्हणजे आपल्याच मुलखातल्या विद्यापीठात आपली भाषा परत यायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

आता यातली खरी बोचरी गोष्ट. ‘संस्कृत किंवा पर्शियन’ असा पर्याय नियमात होता. पण नियमातला पर्याय आणि वर्गातला पर्याय यांत फरक असतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला संस्कृत घ्यायचं होतं. तो ‘अस्पृश्य’ मानलेल्या जातीतला, म्हणून संस्कृतच्या शिक्षकांनी शिकवायला नकार दिला. नाइलाजानं त्यानं पर्शियन घेतली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, पुढे त्याच एल्फिन्स्टनच्या कॉलेजातून बी.ए. झाला, मग कोलंबिया आणि लंडन. संस्कृत त्यांनी नंतर स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतली.

आपण हा प्रसंग बाबासाहेबांच्या जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण अभ्यासक्रमाच्या अंगानंही तो बघा. विषयांच्या यादीत कुठेही जात लिहिलेली नव्हती. यादी सगळ्यांना सारखीच होती. फक्त त्या यादीतला प्रत्येक विषय प्रत्येकाला शिकायला मिळत नव्हता. आज हा प्रश्न वेगळ्या कपड्यांत येतो. तुमच्या जवळच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स आहे, पण गणिताला शिक्षक आहेत का? प्रॅक्टिकल होतं का? नियम म्हणतो ‘विषय निवडा’. वर्ग म्हणतो ‘आमच्याकडे एवढेच आहेत’.

फुल्यांचा मुद्दा आणि सतरा नंबरचा फॉर्म

थोडं मागे जाऊ. १८८२ साली सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला हंटर कमिशन नेमलं. जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्याच्यापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही त्यातली मागणी आपल्याला पाठ असते. पण त्याच निवेदनात ते विद्यापीठाच्या दाराबद्दलही बोलले आहेत. हायस्कुलातलं शिक्षण कारकून आणि मास्तर तयार करतं, रोजच्या जगण्याला त्याचा उपयोग होत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी मांडली. घरी, बाहेरून अभ्यास करणाऱ्यांना विद्यापीठ प्रवेश परीक्षेला बसू देतं हे चांगलं आहे, तशीच मुभा बी.ए., एम.ए.लाही द्या. म्हणजे ज्यांना कॉलेजची फी आणि दिवसाचा वेळ परवडत नाही, तेही शिकतील.

ऐकलेलं वाटतंय ना? आज दहावी-बारावीला बाहेरून बसणारी मुलं ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरतात. दिवसा गॅरेजमध्ये, दुकानात, साइटवर काम करायचं आणि परीक्षा मात्र बोर्डाचीच द्यायची. वडगाव, नऱ्हे, धायरी या पट्ट्यात छोटे कारखाने आणि वर्कशॉप भरपूर. इथे सतरा नंबर भरणारं कुणी ना कुणी तुमच्या ओळखीचं निघेलच. त्याला कमी लेखू नका. त्या फॉर्मामागचा विचार जोतीरावांनी इतक्या आधी मांडला होता.

नदीपलीकडचं दार

आता आपल्या अगदी जवळची गोष्ट. धायरी फाट्यावरून शहराकडे निघालात आणि राजाराम पुलावरून डावीकडे मुठा ओलांडली की कर्वेनगर लागतं. त्याचं जुनं नाव हिंगणे. धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी काढलेला आश्रम १९०० साली तिथे गेला, तेव्हा तो पुण्याबाहेरचा माळ होता.

कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. १८९१ पासून १९१४ पर्यंत. मॅट्रिकचं दार मुलींना किती जड जातं ते त्यांना रोज दिसत होतं. सगळा अभ्यास परक्या भाषेत. उशिरा शिकायला लागलेल्या, मध्येच लग्न झालेल्या, विधवा झालेल्या बायकांनी एवढ्या वर्षांची तयारी कधी करायची? बहुतेक लोक अशा वेळी म्हणतात, मुलींनी जास्त मेहनत करावी. कर्व्यांनी वेगळा रस्ता धरला. दार उंच असेल तर दुसरं दार बांधू.

जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती त्यांच्या वाचनात आली होती. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. कुलपती झाले तेच भांडारकर, १८६२ चे बी.ए. या विद्यापीठात शिकवणं मराठीतून. इंग्रजी होतं, पण एक विषय म्हणून. गृहशास्त्र आणि आरोग्य हे विषय सक्तीचे. पदव्यांची नावंसुद्धा स्वतःची, ‘गृहीतागमा’ आणि ‘प्रदेयागमा’.

यावर टीका झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. मुलींना घरकामाचे विषय का? त्यांच्यासाठी वेगळी, हलकी यादी केली तर त्या कायम हलक्याच मानल्या जाणार नाहीत का? कर्व्यांचं म्हणणं असं की, ज्यांना मुलांच्या बरोबरीनं जुन्या विद्यापीठात जायचंय त्यांनी जरूर जावं. पण ज्या तिथवर पोचूच शकत नाहीत त्यांचं काय?

या धाडसाची किंमतही मोजावी लागली. या विद्यापीठाला सरकारी मान्यता नव्हती. पदवी हातात, पण नोकरीत आणि इतर विद्यापीठांत तिचं वजन नाही. १९२० मध्ये ठाकरसी घराण्यानं १५ लाखांची देणगी दिली आणि एस.एन.डी.टी. हे नाव आलं, तरी कायद्यानं पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९५१ मध्ये. पस्तीस वर्षं! वेगळा विषयक्रम निवडता येतो, पण पुढचं दार तो ओळखेल की नाही हे आधी विचारावं लागतं. हा धडा आजही तेवढाच खरा आहे.

परीक्षा एकाची, पात्रता दुसऱ्याची

स्वातंत्र्यानंतर मोठा बदल झाला. १९४९ च्या सुमारास विद्यापीठाची मॅट्रिक जाऊन एस.एस.सी. आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत पुणे विद्यापीठ सुरू झालं. मग १९६५ च्या कायद्यानं राज्य मंडळ झालं, १ जानेवारी १९६६ पासून. मुख्यालय आपल्या पुण्यातच, भांबुर्ड्यात, आगरकर संशोधन संस्थेच्या मागे.

इथे काय घडलं ते नीट समजून घ्या, कारण आजच्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. पूर्वी परीक्षा घेणारं आणि प्रवेश देणारं विद्यापीठ एकच होतं. मॅट्रिक पास म्हणजे प्रवेशाला पात्र, विषय संपला. आता परीक्षा मंडळाची आणि पात्रता विद्यापीठाची, अशी वाटणी झाली. मंडळ सांगतं ‘तू पास’. कुठल्या कोर्सला चालशील, ते मंडळ सांगत नाही. ‘बारावी पास’ आणि ‘या कोर्सला पात्र’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे निम्म्या घरांना आजही माहीत नसतं.

त्यात भर पडली १०+२+३ ची. १९६४ ते ६६ मध्ये कोठारी आयोगानं देशभरासाठी हा आकृतिबंध सुचवला. आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. आयोगाची कल्पना चांगली होती. पहिली दहा वर्षं सगळ्यांना सारखं शिक्षण, गणित आणि विज्ञान सगळ्यांना, मुलींनाही. फाटे फुटायचे ते दहावीनंतर. आणि पुढच्या दोन वर्षांत बऱ्याच मुलांनी व्यवसायाचं शिक्षण घ्यावं.

महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. त्याआधी मुलं अकरावीला एस.एस.सी. करून कॉलेजात जायची आणि शाखा तिथे गेल्यावर निवडायची. आता तो निर्णय वर्षभर अलीकडे आला, दहावीनंतर. पंधरा-सोळाव्या वर्षी. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणतात, त्यामुळे आपल्याला वाटतं आपण कॉलेजात आलो. खरं तर आपण विद्यापीठाच्या दारासमोरच्या ओसरीत असतो आणि कुठल्या खोलीत जायचं ते तिथेच ठरून जातं.

पुढची पावलं भराभर सांगते. १९८३ पासून वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. जागा वाढल्या, तशी फिजिक्स-केमिस्ट्री-गणित या त्रिकुटाची मागणीही वाढली. १९८८ च्या सुमारास एमसीव्हीसी हे व्यवसाय अभ्यासक्रम आले, पण समाजाच्या मनात ते ‘मार्क कमी पडलेल्यांचे’ राहिले. १९९९ पासून राज्याची सीईटी सुरू झाली. २०१६ पासून मेडिकलला नीट पक्की झाली. म्हणजे बघा, १८५९ मध्ये जी प्रवेश परीक्षा होती, ती फिरून नव्या नावानं परत आली. आता दोन्ही हवं: बारावीला योग्य विषयही आणि प्रवेश परीक्षाही.

मग आज दार कुठे, किती उघडं?

थोडक्यात सांगते. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून शेवटी सीईटी सेलची आणि विद्यापीठाची त्या वर्षीची माहिती पुस्तिका बघायचीच.

इंजिनिअरिंगला राज्यात सीईटीचा पीसीएम ग्रुप द्यावा लागतो. गणित आणि फिजिक्स टळत नाही.

फार्मसीला फिजिक्स आणि केमिस्ट्री हवं, तिसरा विषय गणित किंवा बायोलॉजी, दोन्ही चालतात.

मेडिकलला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी.

बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला पुणे विद्यापीठात बारावी सायन्सचं गणित लागतं. माझ्या बहिणीची गाडी इथेच अडणार होती. बी.बी.ए. आणि बी.सी.ए.ला २०२४ पासून वेगळी सीईटी आहे.

बी.ए.ला कुठल्याही शाखेतून जाता येतं. पाच वर्षांच्या लॉलाही शाखेची अट नाही, पण सीईटी आहे.

आणि एक वाट जिचा विचार घरात उशिरा होतो: दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. या वाटेवर बारावी लागतच नाही.

दार थोडं सैलही होतंय. २०२१ मध्ये एआयसीटीईनं इंजिनिअरिंगला गणित-फिजिक्सची सक्ती ढिली करायचं ठरवलं. केवढा गदारोळ झाला! पुढच्याच वर्षी बहुतेक शाखांसाठी जुनी अट परत आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मेडिकल कमिशननं सांगितलं की बारावीनंतर बायोलॉजी हा जादा विषय म्हणून दिला असेल तरी नीटला बसता येईल. डिसेंबर २०२४ च्या मसुद्यात यूजीसीनं त्याहून पुढचं पाऊल सुचवलं: प्रवेश परीक्षा पास असाल तर बारावीची शाखा आड येऊ नये.

छान वाटतं ऐकायला. पण दार सैल झालं म्हणून आतला अभ्यास सोपा होत नाही. बारावीचं गणित न शिकता कॉम्प्युटर सायन्सच्या वर्गात बसलात, तर अडवणारा नियम नसेल, पण पहिल्याच सेमिस्टरला गणित समोर उभं राहील. ते भरून काढायला मदत कोण करणार, हे कुठल्याच मसुद्यात ठळकपणे दिसत नाही.

शेवटी

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते. विषयांची यादी आकाशातून पडलेली नाही. माणसांनी ती केली, माणसांनी बदलली. रानड्यांनी त्यासाठी भांडण केलं, जोतीरावांनी निवेदन दिलं, कर्व्यांनी नवं दारच बांधलं. आणि दर वेळी नुकसान त्यांचं झालं ज्यांना ती यादी उशिरा कळली, किंवा कळूनही वर्गात तो विषय मिळाला नाही.

म्हणून दहावीच्या मुलांना ‘किती टक्के?’ विचारण्याआधी ‘पुढे काय, आणि त्याला कुठले विषय लागतात?’ एवढं विचारा. धायरीत ज्यांच्या घरातली पहिलीच पिढी कॉलेजला चाललीय अशी कितीतरी घरं आहेत. तिथे हा प्रश्न विचारणारं कुणी नसतं. तुम्ही बारावी पार केली असेल, तर ते कुणी म्हणजे तुम्हीच. घरात आजी असेल तर तिलाही विचारा, तिच्या वेळी मॅट्रिकला कुठले विषय होते आणि कुठला घ्यायचा राहून गेला. उत्तर ऐकण्यासारखं असेल.

माझ्या बहिणीनं काय केलं? तिनं गणित ठेवलं आणि भूगोल सोडला. परवा म्हणाली, “ताई, इंटिग्रेशन लई अवघड आहे, तुझ्यामुळे अडकले.” मी म्हटलं, “अवघड आहे ना? मग शिक. दार तरी उघडं आहे.”

भेटू पुढच्या भागात.